सुतळी

मोहाची फुलं गळायला लागली, तशा बाया परतल्या.
पिकअपच्या फळीवरून उतरल्या एकेक,
आधी पोतं, मग पाय.
मजुरी मिरचीतच मिळाली होती,
आणि मूलच्या बाजारात मिरचीचा भाव
त्या यायच्या आदल्या दिवशीच पडला, म्हणे.
व्यापाऱ्याचं म्हणे.

अंगणवाडीच्या पडवीत मी दोनशेपानी वही उघडली,
तारीख घातली, म्हटलं, सांगा.
कोणी सांगेना.
काय सांगाचं बाई, मिरची तोडली अन् आलो.
रेवता कोवे म्हणाली, ऊन व्हतं.
एवढंच.
मी तेही लिहिलं.

मग चहा झाला, आणि कोणीतरी मालकाची नक्कल केली,
"तोंदरगा, तोंदरगा!"
लवकर, लवकर.
तेलुगूतला तेवढाच शब्द सगळ्यांना पाठ.
गिरजा तो झोपेत बोलते, तिचा नवरा सांगतो.
हसल्या, आणि मग सुटल्याच:
एका ताडपत्रीखाली अकरा जणी,
मोटर चालू तेव्हाच पाणी,
आधार कार्डं ठेकेदाराच्या खिशात, रबर लावून.
सुलकनचं लेकरू दीड वर्षाचं, बांधावर, छत्रीखाली.
तीन महिने तिनं त्याचे डोळे बोटांनी पुसले नाहीत.
"हात लावू कसा? धुऊन धुऊन कातडं गेलं,
आग नाई गेली."
कोपरानं पुसायची.
कसं, ते दाखवायला तिनं कोपर वर केलं
आणि लेकरानं सवयीनं गाल पुढं केला.

हे मला लिहिता आलं नाही.

पंचफुला लेनगुरे सगळ्यांत शेवटी.
बोलली नाही, ओच्यातून सुतळी काढली.
दिवसाला एक गाठ.
ठेकेदाराच्या वहीत एक्केचाळीस दिवस,
सुतळीत त्रेपन्न.
एक गाठ दुहेरी: त्या दिवशी रातच्यालेही तोडली.
एके ठिकाणी बोटभर मोकळं: ताप होता.
तापाचा दिवस तिनं मोकळाच सोडला होता,
कोणी बघत नसताना.

चंद्रपूरला कामगार ऑफिसात
बाबूनं अर्ज वाचला, म्हणाला, पुरावा जोडा.
आम्ही सुतळी टेबलावर ठेवली.
त्यानं टाचणी उचलली, ठेवली,
स्टेपलर उघडून पाहिलं.
"हे जोडू कसं?"
"बांधा," पंचफुला म्हणाली.
तो हसला. मग हसायचा थांबला.
पोच मिळाली, शिक्क्यासकट.
पैसे अजून नाहीत.

येताना एसटी उमा नदीच्या पुलावर आली
आणि खाली वीटभट्टीचा धूर दिसला.
माझ्या चुलतदिराची भट्टी.
तिथली माणसं छत्तीसगढची, दिवाळीनंतर येतात;
गावात त्यांना नाव नाही, भट्टीवाले म्हणतात.
आमच्या हापशीवर त्यांची पाळी शेवटची.
माझ्या हजेरीपटावर त्यांचं एकही पोर नाही.
शेऱ्याच्या रकान्यात मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात:
येतात, जातात.

पंचफुलानं घंटी वाजवली. आपलं गाव यायचं होतं अजून.
उतरली, आणि तरातरा भट्टीकडं.
मी मागं, वही छातीशी.
विटा थापणाऱ्या बाईपाशी ती उकिडवी बसली,
जणू रोजची ओळख.
"कितीक दिवस झाले वो?"
बाईनं बोटं मोडली, चुकली, पुन्हा मोडली.
"नइ गिने हन."
पंचफुलानं पिशवीचं तोंड सोडलं,
सुतळी काढली, वीतभर, हातभर,
आणि पहिली गाठ कशी मारायची ते दाखवलं.
ओल्या मातीचे हात, गाठ निसटत होती.

रस्त्यावरून ट्रॅक्टर येत होता. चुलतदीरच असणार.
मी नवं पान उघडलं.
तिला नाव विचारलं, आणि पोरांची वयं.

तिनं आधी ट्रॅक्टरकडं पाहिलं.